संशोधनलेख कोठे प्रसिद्ध करावा?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात नांदगाव खंडेश्वर येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटण्याचा संभव आहे. संशोधनाच्या नियतकालिकांची प्रतवारी कशी लावतात आणि आपल्या मुलामुलींनी आपले लेख कोणाकडे धाडावेत, हा प्रश्न महाविद्यालयाच्या चार भिंतींतला. त्याचा ज्ञातीच्या संमेलनाशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्यावर आमचे उत्तर असे की, आता हा प्रश्न घराघरांत येऊन पोहोचला आहे. पूर्वी ज्या कुटुंबात एखादा मॅट्रिक झाला तरी गावभर पेढे वाटीत, तेथे आज पीएच.डी.साठी नोंदणी केलेला मुलगा किंवा सून आढळते. अशा घरी एके दिवशी पत्र येते: ‘आपला लेख चार दिवसांत आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध करू, एवढे शुल्क भरावे.’ शुल्क बहुधा वडीलच भरतात आणि ते कापसाच्या पैशातून भरले जाते. तेव्हा या व्यवहारात काय विकत मिळते व काय मिळत नाही, हे वडीलधाऱ्यांनीही समजून घेतले पाहिजे.

शिवाय, या विषयासाठी नांदगाव खंडेश्वराहून योग्य स्थळ शोधूनही सापडणार नाही. याच तालुक्यातील पापळ या खेड्यात २७ डिसेंबर १८९८ रोजी पंजाबराव देशमुखांचा जन्म झाला. शेतकऱ्याच्या घरातील हा मुलगा विलायतेस गेला, वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर त्याने प्रबंध रचला आणि तो ग्रंथरूपाने १९३३ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले, शिक्षणसंस्था उभारल्या, अकोल्याचे कृषी विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. ते सर्व आपण जाणताच. आम्ही येथे एवढेच लक्षात आणून देतो की, या मातीतील विद्वत्ता जाणकारांच्या कसोटीस यापूर्वीच उतरलेली आहे. आपल्या मुलांनी आडवाटेने जाण्याचे काही कारण नाही.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. संशोधनाचे नियतकालिक म्हणजे केवळ छापखाना नव्हे. लेखकाने पाठविलेला लेख संपादक त्याच विषयातील दोन-तीन जाणकारांकडे धाडतो. ते तो बारकाईने वाचतात, उणिवा दाखवितात, पुरावा मागतात. लेखक दुरुस्त्या करतो. मग लेख स्वीकारला जातो अथवा नाकारला जातो. यास तज्ज्ञ-परीक्षण म्हणतात. या कामास महिने लागतात, आणि ते लागावेत हेच योग्य. सोनाराने दागिना कसोटीवर न घासताच ‘बावनकशी’ म्हटले तर आपण त्याच्यावर विश्वास ठेवू काय? चार दिवसांत लेख स्वीकारणाऱ्याने तो वाचलेलाच नसतो.

आता प्रतवारीकडे वळू. तिचा जन्म ग्रंथालयाच्या व संदर्भसूचीच्या गरजेतून झाला. जगात नियतकालिके हजारो. त्यांतली कोणती घ्यावीत? युजीन गारफील्ड या अमेरिकन माहितीशास्त्रज्ञाने १९५५ साली अशी कल्पना मांडली की, कोणत्या लेखात कोणत्या जुन्या लेखाचा उल्लेख आला आहे, याची सूची करावी. १९६० साली त्यांनी फिलाडेल्फिया येथे संस्था स्थापिली आणि १९६४ पासून विज्ञानाची अशी उल्लेखसूची निघू लागली. सूचीसाठी नियतकालिके निवडताना एक माप हवे होते. तेच पुढे ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ या नावाने जगभर गाजले. आपण त्यास प्रभावांक म्हणू.

त्याचे गणित सोपे आहे. समजा, एका नियतकालिकाने २०२२ व २०२३ या दोन वर्षांत मिळून १०० लेख छापले आणि २०२४ साली इतर लेखांतून त्या दोन वर्षांच्या मजकुराचा २५० वेळा उल्लेख झाला. तर २५० भागिले १००, म्हणजे त्याचा २०२४ चा प्रभावांक २.५ झाला. ही सरासरी आहे आणि सरासरीची खोड शेतकऱ्यास सांगावयास नको. गावची पैसेवारी पन्नासाच्या वर लागली म्हणून प्रत्येकाच्या घरी कापूस आला असे होत नाही. आणि खाली लागली तरी विहीर असलेल्याचे शिवार हिरवे राहतेच. त्या २५० उल्लेखांपैकी १५० एकाच गाजलेल्या लेखाचे असू शकतात व कित्येक लेखांच्या वाट्यास एकही आलेला नसतो. प्रभावांक हा गावाचा असतो, शेताचा नव्हे. तो नियतकालिकाविषयी काही सांगतो. त्यात छापलेल्या विशिष्ट लेखाच्या गुणाविषयी त्यावरून निर्णय देता येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, निरनिराळ्या विषयांचे प्रभावांक एकमेकांशी ताडून पाहू नयेत. वैद्यकात लेख पुष्कळ, उल्लेख झपाट्याने होतात. गणितात लेख थोडे आणि दहा-वीस वर्षांपूर्वीच्या लेखाचाही आधार घेतात. म्हणून गणितातील उत्तम नियतकालिकाचा अंक वैद्यकातील मध्यम नियतकालिकाहून कमी दिसतो. एकरी उसाचे टन आणि एकरी तुरीचे क्विंटल यांची तुलना कोणी करीत नाही, तसेच हे. या अडचणीवर उपाय म्हणून एका विषयातील सर्व नियतकालिके उतरत्या क्रमाने मांडून त्यांचे चार समान भाग करतात. वरच्या भागास ‘क्यू-१’ आणि तळच्या भागास ‘क्यू-४’ म्हणतात. परंतु तेच नियतकालिक एका विषयात पहिल्या भागात व दुसऱ्या विषयात तिसऱ्या भागात असू शकते. तेव्हा ‘क्यू-१’ म्हणणाऱ्यास कोणत्या विषयात आणि कोणत्या वर्षी, असे अवश्य विचारावे. प्रभावांक वेब ऑफ सायन्स या सूचीवर आधारलेला आहे. २००४ साली निघालेल्या स्कोपस या सूचीवर साइटस्कोअर आणि एसजेआर ही मापे उभी आहेत. साइटस्कोअर चार वर्षांचा हिशेब धरतो. एसजेआर उल्लेख कोणी केला याचेही वजन धरतो. थोरामोठ्याची साक्ष आणि वाटसरूची साक्ष यांत जो फरक, तोच येथे. ही मापे निरनिराळी असल्याने एकाच नियतकालिकाचे तीन ठिकाणी तीन अंक दिसले तर घाबरू नये.

हे माप माणसांवर लावू नये, असे खुद्द शास्त्रज्ञच सांगू लागले आहेत. सॅन फ्रान्सिस्को येथे डिसेंबर २०१२ मध्ये भरलेल्या बैठकीतून जे जाहीरपत्र निघाले व २०१३ साली प्रसिद्ध झाले, त्यात स्पष्ट म्हटले आहे की, नेमणूक, बढती अथवा अनुदान देताना लेखकाच्या लेखाची पारख नियतकालिकाच्या प्रभावांकावरून करू नये.

आपल्या देशात काय घडले ते आता पाहू. कारण त्या इतिहासाचे महत्त्वाचे पर्व महाराष्ट्रातच, पुण्यास घडले आहे. अध्यापकांच्या नेमणुकीस व बढतीस प्रसिद्ध लेखांचे गुण धरले जाऊ लागले, तशी लेख छापण्याची घाई वाढली, आणि घाई आली की तिच्यामागून व्यापारी येतोच. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी जाहीर केली. तीत विद्यापीठांनी सुचविलेली हजारो नावे होती. पुण्याचे प्राध्यापक भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विद्यापीठ-सूचित भागातील ५,६९९ नियतकालिकांतून १,३३६ सरसहा निवडली. प्रतिष्ठित सूचींत असलेली ३२७ वगळून उरलेली १,००९ तपासली. त्यांचा निष्कर्ष २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला, तो वाचून मान खाली जाते. सुमारे ३४.५ टक्के नियतकालिकांचा पत्ता, संकेतस्थळ किंवा संपादकांची नावे यांपैकी आवश्यक माहितीच खोटी होती किंवा मिळत नव्हती. आणखी ५२.३ टक्क्यांनी चुकीचा नोंदणी-क्रमांक, खोटा प्रभावांक, संशयास्पद सूचींचे दाखले किंवा संपादकांची तकलादू पात्रता असा कारभार केलेला होता. प्रतिष्ठित सूचींबाहेरची अशी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके हलक्या प्रतीची असावीत, असा अंदाज त्यांनी वर्तविला.

मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नावे यादीतून काढून टाकली. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाकडे छाननीचे काम सोपवून जून २०१९ पासून ‘केअर’ नावाची नवी यादी सुरू झाली. तिचे नाव आपल्या मुलांच्या तोंडी पाच-सहा वर्षे होते. परंतु यादी निघाली की तिच्यातील नावांच्या नकलाही निघतात! खऱ्या, जुन्या, केवळ कागदावर छापल्या जाणाऱ्या नियतकालिकांच्या नावाने तोतयांनी संकेतस्थळे उघडली आणि शुल्क गोळा केले. अखेर आयोगाने ही यादी बंद करण्याचे ठरविले व फेब्रुवारी २०२५ मध्ये तसे जाहीर केले. आता नियतकालिक पारखण्याची काही सूचक मानके आयोगाने दिली आहेत आणि निर्णयाची जबाबदारी विद्यापीठे, महाविद्यालये व लेखक यांच्यावर सोपविली आहे. सारांश, पूर्वी दिल्लीची यादी पुढे करून हात झटकता येत होते, तो काळ संपला. आता पारख आपली आपणच केली पाहिजे.

या तोतयांचा धंदा कसा चालतो, ते वऱ्हाडातील माणसास एका उपमेने समजेल. बोगस बियाण्याची पिशवी दिसावयास खऱ्याहून देखणी असते. तीवर बोंडांचे चित्र असते, उगवणीची टक्केवारी असते, कंपनीचे नाव एखाद्या नामांकित नावाशी मिळतेजुळते असते. पेरल्यावर मात्र उगवत नाही, आणि तोवर हंगाम निघून जातो. बोगस नियतकालिकाचेही तसेच. नावात ‘इंटरनॅशनल’ असते, प्रभावांक कोणत्या तरी अज्ञात कंपनीने विकलेला असतो, आणि आठ अंकी आयएसएसएन मोठ्या टायपात छापलेला असतो. हा क्रमांक केवळ ओळखीचा आहे. गुणवत्तेचे ते प्रमाणपत्र नव्हे. गाडीस नंबर मिळाला म्हणजे गाडी चांगली ठरत नाही.

येथे पैसा जातो तो जातोच. त्याहून मोठी हानी पुढे आहे. एकदा तेथे छापलेला लेख दुसऱ्या चांगल्या नियतकालिकास देता येत नाही, कारण चांगली नियतकालिके अप्रकाशित लेखच घेतात. परत मागितला तर पुन्हा पैशाची मागणी होते. मुलाखतीच्या वेळी जाणकार सदस्याने ते नाव वाचले की उमेदवाराच्या उरलेल्या खऱ्या कामावरही संशयाची सावली पडते. चार वर्षांचे कष्ट चार दिवसांच्या घाईने मातीस मिळतात.

तर मग लेख कोठे धाडावा? याचे उत्तर आम्ही मोठ्या माणसांच्या चरित्रांतून देऊ इच्छितो. धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असता १९४३ साली त्यांचा एक लेख इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यातील कल्पना पुढे काही वर्षांनी फिनलंडचे कारहुनेन व फ्रान्सचे लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली, आणि जगाने तिला त्या दोघांचेच नाव दिले. कोसंबींचे नाव त्यास फार उशिरा व तेही क्वचितच जोडले जाऊ लागले. नियतकालिक प्रामाणिक होते, परंतु ज्यांना त्या कल्पनेची गरज होती ते वाचक दूर होते. त्याच सुमारास आनुवंशिकीवरील त्यांचा एक छोटा लेख लंडनच्या ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आला. तो नेमक्या वाचकांच्या हाती पडला. पिकांचे वाण तयार करणारे शास्त्रज्ञ आजही गुणसूत्रावरील अंतर मोजताना ‘कोसंबी फलन’ वापरतात. आणि १९५९ साली रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकासंबंधीचा लेख त्यांनी कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. जेथे त्या प्रश्नाचे परीक्षक नव्हते, तेथे तो छापला गेला. त्यातील युक्तिवाद तज्ज्ञांनी अमान्य केला व एवढ्या मोठ्या पुरुषाच्या गणिती कीर्तीस धक्का बसला. एकाच लेखणीचे हे तीन लेख आपणांस सर्व काही शिकवितात. लेखाची गरज कोणाला आहे, आणि लेखातील चूक कोण दाखवू शकेल, या दोन प्रश्नांची उत्तरे जेथे मिळतात तेच लेखाचे घर.

मोठेच नाव हवे असे मात्र नाही. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली आपल्या शोधाचा सविस्तर लेख कलकत्त्याच्या ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये छापला. ते नियतकालिक अवघ्या दोन वर्षांचे होते. रामन यांनी लेखाच्या प्रती देशोदेशींच्या शास्त्रज्ञांकडे टपालाने रवाना केल्या. १९३० साली नोबेल पारितोषिक चालत आले. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची कथाही अशीच. ६१७४ या संख्येचा चमत्कार त्यांनी शोधला. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे चारही अंक एकसारखे नसावेत. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत जावे, शेवटी ६१७४ च येतात. आपल्या कामाच्या लहान पुस्तिका ते पदरच्या पैशाने छापीत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जग त्यांस ओळखू लागले. काम अस्सल होते म्हणून अखेर मान मिळाला. वाचक उशिरा भेटले म्हणून मान उशिरा मिळाला.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. आपण आपल्या लेखात ज्या नियतकालिकांचे आधार घेतले, त्यांचीच नावे प्रथम कागदावर काढावीत. आपले वाचक तेथेच असतात. त्यांचे अलीकडचे दोन-तीन अंक वाचावेत. संपादक मंडळातील दोघा-तिघांची नावे त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधावीत. पुष्कळदा त्या सज्जनांस आपले नाव कोणी वापरले आहे याची गंधवार्ताही नसते. एखाद्या सूचीत असल्याचा दावा असेल तर तो नियतकालिकाच्या पानावर न वाचता खुद्द त्या सूचीत पाहावा. शुल्क घेणारे प्रत्येक नियतकालिक लबाड नसते. वाचकांस सर्व लेख फुकट देणारी कित्येक प्रतिष्ठित नियतकालिके लेखकाकडून खर्च घेतात. परंतु ते शुल्क आधी उघड सांगतात, आणि लेख नाकारण्याचे त्यांचे स्वातंत्र्य शुल्काने विकले जात नाही. ‘करंट सायन्स’सारखी शुल्क न घेणारी मान्यवर नियतकालिकेही आपल्या देशात आहेत, हे विसरू नये.

विषय आपल्या मातीचा असेल तर घर जवळचेच शोधावे. वऱ्हाडातील कपाशीच्या रोगावरील प्रयोग अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या संशोधनपत्रिकेत वाचला गेला तर तो शेतापर्यंत पोहोचण्याचा संभव अधिक. येथील खंडेश्वराच्या प्राचीन देवालयाच्या शिल्पावर कोणी अभ्यास केला, तर त्याचे जाणकार भांडारकर संस्थेच्या किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या नियतकालिकांभोवती सापडतील. मराठीत लिहिलेले संशोधन कमी प्रतीचे, ही समजूत मनातून काढून टाकावी. इंग्रजी नियतकालिकांच्या मापाने मराठी नियतकालिकांस अंक मिळत नाहीत, याचे कारण त्या सूचींत मराठी फारसे मोजलेच जात नाही.

घाईविषयी एक शब्द. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख छापलाच पाहिजे, ही आयोगाची सक्ती उठविली. आपल्या विद्यापीठाचा नियम काय, तो लेखी पाहावा आणि मगच धावपळ करावी. कित्येक घरांतील घाई नियमाची नसून ऐकीव असते.

शेवटी मंडळास आमची एक विनंती आहे. दरवर्षी या व्यासपीठावर आपण विद्यावंतांचा गुणगौरव करतो. तेव्हा ‘यांचे पंचवीस आंतरराष्ट्रीय लेख प्रसिद्ध झाले’ असे वाचून दाखविले जाते आणि टाळ्या पडतात. यापुढे सत्कारमूर्तीने आपल्या एकाच लेखाविषयी पाच मिनिटे मराठीतून बोलावे: प्रश्न कोणता होता, उत्तर काय सापडले, आणि परीक्षकांनी कोणती उणीव दाखविली. जो हे सांगू शकेल त्याचा लेख खरा. तसेच आपल्या ज्ञातीतील जे प्राध्यापक व शास्त्रज्ञ अमरावती, अकोला, नागपूर, पुणे येथे आहेत, त्यांपैकी चार-पाच जणांनी आपली नावे मंडळाकडे द्यावीत. लेख धाडण्यापूर्वी, आणि पैसे भरण्यापूर्वी तर अवश्य, मुलामुलींनी त्यांपैकी एकास विचारावे. यास खर्च काही नाही. एका दूरध्वनीने एखाद्या घरचा हंगाम वाचेल.

आणि मातापित्यांस एवढेच सांगणे की, मुलाचा लेख परत आला तर त्यास अपयश समजू नका. कोणी तरी तो नीट वाचला व उणीव लिहून कळविली, हा मोठा लाभ आहे. त्याचे ‘किती छापून आले?’ असे न विचारता ‘परीक्षक काय म्हणाले?’ असे विचारा. ज्या घरात हा प्रश्न विचारला जाईल, त्या घरच्या मुलास चार दिवसांत छापून देणाऱ्याचे पत्र भुलवू शकणार नाही.